चढाकडे तोंड करून

माझ्या गाडीचा रिव्हर्स गणपतीत गेला आणि मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. साताऱ्यासारख्या चढउताराच्या गावात, मागे न जाणारी गाडी पाच महिने चालवून दाखवा कुणीतरी, आणि मग माझ्याशी बोला.

आधी गाडीचं सांगते. पांढरी, लहान, चौदा वर्षांची, ऑटोमॅटिक. म्हणजे क्लचची भानगड नाही. एक दांडा, त्याच्या शेजारी अक्षरं. पुढे जायचं तर डी, मागे जायचं तर आर. पायाखाली दोनच पेडल, आणि दोन्ही उजव्या पायाची. माझा डावा पाय दोन वर्षांची असताना पोलिओने नेला. आहे जागेवर, पण कामाचा नाही. पन्नासाव्या वर्षी ही गाडी घेतली तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्याने विचारलं होतं, "बाई, आता या वयात?" मी म्हटलं, "मग काय पुढच्या जन्मात शिकू?" 

त्याच्या आधीचं माझं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या सवडीवर गेलं. वडिलांच्या सायकलचं कॅरियर, मग दादाची पाठ, मग रिक्षावाले. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शाळा ओढ्याच्या पलीकडे होती, आणि सातवीपर्यंत त्याने मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला. पावसाळ्यात कमरेएवढं पाणी असलं तरी. तो लष्करात ड्रायव्हर म्हणून भरती झाला आणि मी साताऱ्याला वसतिगृहात आले. पुढे गणिताची बाई झाले आणि इथेच राहिले. लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही.

पहिल्यांदा एकटीने गाडी काढली ती पोवई नाक्यावरून कोरेगावपर्यंत. कोरेगावात माझं काहीएक काम नव्हतं. तिथे वळले, परत आले, आणि घरी येऊन ढसाढसा रडले. कुणाला 'मला सोडता का हो' असं न म्हणता जाऊन आले होते, एवढंच. ज्याला दोन पाय आहेत त्याला ते सांगून कळणार नाही, म्हणून मी सांगतही नाही.

तर रिव्हर्स. एकदम नाही गेला. आधी आर टाकला की गाडी जरा विचार करायची, मग मागे धक्का देऊन निघायची. मी गणिताची बाई, मोजायला लागले. सुरुवातीला तीनपर्यंत. पुढच्या महिन्यात सात. श्रावणात वीस. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी साठपर्यंत मोजलं, इंजिन नुसतं घोंघावत राहिलं आणि गाडी तसूभर हलली नाही. गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने बॉनेटही उघडलं नाही. म्हणाला, "ऑटोमॅटिकला आम्ही हात लावत नाही, मॅडम. चालते तोवर चालवा, मग भंगारात द्या."

भंगारात! मी त्याला म्हटलं, "तुमच्या आईचे गुडघे गेले तर तिलाही भंगारात देणार का?" आणि पुढे निघून आले. पुढेच यावं लागलं, मागे यायची सोय नव्हती.

त्या दिवसापासून मी सगळा सातारा नव्याने शिकले. कुठला रस्ता कुठे उतरतो, कुठल्या दुकानासमोर किती चढ आहे, हे मला नगरपालिकेच्या इंजिनिअरपेक्षा जास्त कळायला लागलं. नियम एकच. गाडी लावायची ती चढाकडे तोंड करून. निघताना दांडा न्यूट्रलला आणायचा, ब्रेक हळूच सोडायचा, की गाडी आपोआप मागे येते. मग डी टाकून चालू पडायचं. किल्ल्याच्या बाजूला चढत जाणाऱ्या आमच्या गल्ल्या मला जन्मभर नडल्या होत्या. आता त्याच कामाला आल्या. सपाट जागा दिसली की मला घाम फुटायचा. पेट्रोल पंप मात्र आवडायला लागला, एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. भाजीवाली बदलली, बँकेत दुपारी जायला लागले, एका मैत्रिणीकडे जाणंच सोडलं कारण तिची गल्ली पुढे बंद होती. तिला वाटलं मी रागावले. वाटू दे म्हटलं.

मग भाऊबीज आली. दादा निवृत्त होऊन गावी ऊस करतो, इस्लामपूरपासून थोड्या अंतरावर. दरवर्षी मी माझ्या गाडीने जाते, आणि दरवर्षी तो निघताना गाडीच्या मागे उभा राहून डिकीवर थाप मारत 'येऊ दे, येऊ दे, येऊ दे' करतो. पंचवीस वर्षं लष्कराच्या गाड्या हाकलेला माणूस. त्याच्या मते जगात गाडी चालवता येणारा एकच जण, आणि तो कोण ते सांगायला नको. या वेळी मी अंगणात शिरले आणि घराच्या जोत्याकडे जमीन जिथे उचललेली आहे तिथे नेऊन गाडी लावली. त्याला थापा मारायची संधीच दिली नाही. निघताना गाडी घरंगळत मागे घ्यायची, एवढं मनात पक्कं.

ओवाळून झालं. ताट माझ्या हातातच होतं, निरांजन जळत होतं, आणि दादा म्हणाला, "बाई, गाडी लय जुनी झाली गं. इकून टाक. तुला कुठं जायाचं ते सांग, म्या हाय की न्यायला."

मला तो 'बाई' म्हणतो. मी मास्तरीण झाले तेव्हा चेष्टेने सुरू केलं, ते तसंच राहिलं. पण त्या दिवशी 'म्या हाय की न्यायला' हे ऐकून माझं टाळकंच फिरलं. पुन्हा ती पाठ! चौसष्टाव्या वर्षी! वहिनी, भाचे, सुना, सगळे समोर होते. सगळ्यांच्या तोंडावर तेच दिसत होतं, की आता पुरे झालं हिचं. मी म्हटलं, "ऐक. ही गाडी रस्त्यात बंद पडली आणि मला तुला बोलवायची वेळ आली, तर त्या दिवसापासून कुठल्याच स्टेअरिंगला हात लावणार नाही. या ताटावर हात ठेवून सांगते."

आणि ठेवला हात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या घरात ओवाळणीच्या ताटावर घेतलेला शब्द मोडत नाहीत. वडिलांनी अशाच एका भाऊबीजेला आत्यासमोर विडी सोडली होती आणि मरेपर्यंत शिवली नाही. दादाने ओवाळणी टाकली आणि उसाचं बोलायला लागला. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर महिन्याभरात रहिमतपूरला एक लग्न होतं. कार्यालयाबाहेर गाड्या लावून घेणारा एक गृहस्थ शिट्टी फुंकत होता. त्याने माझी गाडी भिंतीला नाक लावून उभी करायला लावली. सपाट जमीन. मागे वीस गाड्या. जिलेबी वाढली तरी माझी नजर बाहेरच्या गाड्यांवर. जेवणं झाल्यावर बँडवाल्यांना हाताशी धरलं आणि म्हटलं, "गाडी जरा मागे ढकलून देता का? माझा पाय दुखतोय."

त्यांनी बिचाऱ्यांनी ढकलली. माझ्या पायातल्या लोखंडी कॅलिपरकडे बघून एक जण म्हणाला, "आवं मावशी, तुमी बसा निवांत." मी हसून मान हलवली, आणि रस्त्याला लागल्यावर मला माझीच लाज वाटली. शाळेत असताना कवायतीच्या तासालासुद्धा मी पायाचं निमित्त कधी केलं नव्हतं. उन्हात उभी राहायचे, पण निमित्त नाही. ते आता एका गिअरसाठी केलं. घरी पोहोचेपर्यंत स्वतःला शिव्या घालत होते.

संक्रांतीला गावी गेले तर दादाच्या अंगणाची पलीकडची भिंत पाडलेली. तिथून शेताच्या रस्त्यापर्यंत मुरूम टाकून सरळ वाट केली होती. मी विचारलं, "हे काय रे?" तो म्हणाला, "उसाची ट्रॉली वळत न्हाई गं अंगणात. लय तरास व्हतो." देव पावला म्हटलं! एका फाटकातून आत, दुसरीकडून बाहेर. त्या दिवशी मी गाडी ऐटीत अंगणाच्या मधोमध लावली आणि तिळगूळ खाऊन सरळ पुढून निघाले. वहिनी म्हणाली, "या डाव लवकर निघाली गाडी." मी म्हटलं, "हाताला वळण आहे."

नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मला काही दिसत नव्हतं. पुढे जायचा गिअरही हळूहळू सुटत होता. चढावर इंजिन ओरडायचं जास्त आणि गाडी चालायची कमी. मी म्हणायचे, थंडी आहे.

माघात एका रविवारी सांगलीला दुपारचं नाटक होतं. माझी डी.एड.ची मैत्रीण तिथे राहते, आम्ही दोघी वर्षातून तीन-चार नाटकं बघतोच. कराड, मलकापूर ठीक गेलं. पेठ नाक्यावरून इस्लामपूरच्या रस्त्याला वळले आणि थोडं पुढे गेल्यावर गाडीने हात टेकले. पाय दाबला की इंजिनाचा नुसता आकांत, चाकं जागच्या जागी. करपल्याचा वास सुटला. उतारावर कशीबशी कडेला घेतली. उसाच्या ट्रॉल्यांची रांग चालली होती. एका ट्रॅक्टरवाल्याने ओरडून विचारलं, "मावशी, धक्का द्यू का?" त्याला काय सांगणार, ही धक्क्याने चालू होणारी जात नाही म्हणून?

अर्धा तास फोन हातात घेऊन बसले. मैत्रिणीला गाडी नाही. क्रेनवाल्याचा नंबर माहीत नाही. दादाचं गाव तिथून बारा किलोमीटर. त्याला फोन केला की माझं सगळं संपलं, हे मला दोन आणि दोन चार इतकं स्वच्छ कळत होतं. नाटकाची वेळ होत आली होती. शेवटी लावला. तो एवढंच म्हणाला, "कुठं हायस?"

आला तो ट्रॅक्टर घेऊनच, उसाच्या ट्रॉलीची साखळी बरोबर. आमच्या भागात काहीही बंद पडलं की ट्रॅक्टर आणि साखळी. पंप असो, टेम्पो असो, वरात असो. मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक अक्षर न अक्षर वाचलेलं. त्यात लिहिलं होतं, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका. मी म्हटलं, "दादा, हिला अशी ओढायची नसते." तो साखळी अडकवत म्हणाला, "पंचवीस वर्सं वढल्यात गाड्या. तू बस." एरवी मी त्याला पुस्तक काढून पान दाखवलं असतं. त्या दिवशी गप्प बसले. जिचा खेळच संपला तिने नियम कशाला सांगायचे?

बारा किलोमीटर मी नुसतं स्टेअरिंग धरून बसले होते, आणि समोर ट्रॅक्टरवर त्याची पाठ. तीच पाठ. आता वाकलेली, शर्ट घामाने चिकटलेला. मला इतका राग आला होता, आणि इतकं रडू येत होतं, की दोन्हींतलं खरं कुठलं ते मला अजून सांगता येत नाही.

घरी पोहोचल्यावर मी किल्ली त्याच्या हातात दिली. "घे. शब्द म्हणजे शब्द." त्याने ती घेतली आणि कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली. वहिनीने चहा केला. थोरला भाचा मला त्याच्या गाडीने साताऱ्याला सोडून आला आणि वाटेत म्हणाला, "आत्या, आता आरामात मागं बसायचं." 

त्या आठवड्यात मी एकदाही घराबाहेर पडले नाही. भाजी फोनवर मागवली. बंद गल्लीतली मैत्रीण फोनवर म्हणाली, बरं झालं, दगदग वाचली. मी फोन ठेवला. खरं सांगते, मला त्या आठवड्यात म्हातारपण आलं.

आठव्या दिवशी दादाचा फोन. "सांगलीत एक मिस्त्री हाय. फक्त ह्याच गाड्यांचं करतो. टेम्पोत घालून न्हेली गाडी. इकायची तर चालू करूनच इकू, न्हाई का? तू ये." एसटीने गेले.

माधवनगरच्या रस्त्याला एक शेड, आत टेबलावर माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उघडा पडलेला. मिस्त्री पन्नाशीचा, चष्मा कपाळावर, बोलणं कमी. त्याने एका पांढऱ्या फडक्यावर दोन थेंब टाकून दाखवले. एक नव्या तेलाचा, कोकमाच्या सरबतासारखा लाल. दुसरा माझ्या गाडीतला, काळा. वास तोच, करपलेला. मग पातळ गोल चकत्या एकेक करून मांडल्या. म्हणाला, "ह्या प्लेटा. ह्या एकमेकींना धरतात म्हणून गाडी हलते. आता धरायला काही उरलं नाही. ही रिव्हर्सची, ही तर..." आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, "ओढून आणली होती का हो?"

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाला, "व्हय. म्या वढली. ट्रॅक्टरनं. बारा किलोमीटर."

मिस्त्री वैतागला. "अहो काका, इंजिन बंद असताना आत तेल फिरत नाही. सगळं कोरडं घासत जातं. काय हे!"

आणि मग आमच्या दादाने, ज्याने आयुष्यात एकदाही 'माझं चुकलं' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं, ज्याने मला चुकीच्या बसमध्ये बसवल्यावरही बसच चुकीची आली म्हणून सांगितलं होतं, तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ऐकलंस न्हवं? गाडी बंद पडलीच नव्हती. घटकाभर थंड व्हायला हवी होती, मंग चालली असती. तू सांगत व्हतीस, म्या ऐकलं न्हाई. म्या बंद पाडली. तुजा शब्द काय तुटला न्हाई. ही धर."

आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मिस्त्री काहीतरी बोलायला गेला. दादाने त्याला विचारलं, "हितं च्या कुठं चांगला मिळतो?" मिस्त्रीने समोरच्या टपरीकडे बोट केलं.

आयुष्यभर मी मुलांच्या वह्यांत सिद्धतेतली खोटी पायरी लाल शाईने खोडत आले. एक पायरी चुकली तर पुढचं सगळं बाद, असं बजावत आले. ही पायरी खोटी होती, मला दिसत होती, मिस्त्रीला दिसत होती. मी ती जाऊ दिली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

गाडी तीन आठवड्यांनी आली. नव्या प्लेटा, नवं लाल तेल. मिस्त्रीने बजावलं, दर काही वर्षांनी तेल बदलायचं आणि लपवाछपवी करायची नाही. मी एकटीने सांगलीहून निघाले आणि सरळ दादाच्या अंगणात. सपाट जागेवर, अंगणाच्या बाजूच्या भिंतीला नाक लावून उभी केली. मुद्दाम.

तो पडवीत बसला होता. मी शेजारी बसले. पोटात ठेवून ठेवून शेवटी म्हटलं, "दादा, एक सांगायचंय. रिव्हर्स गणपतीपासूनच नव्हता. तू ओढलीस म्हणून नाही गेला."

"ठाव हाय."

"काय ठाऊक आहे?"

"भाऊबीजंला अख्खं अंगण मोकळं असताना गाडी जोत्याला चढवलीस. तवाच कळलं. जाताना घरंगळत मागं आलीस, मागला रिव्हर्सचा पांढरा लाइट बी लागला न्हाई." त्याने तंबाखूची डबी उघडली. "इक म्हनलं तर अंगावर आलीस."

 मग माझं लक्ष पाडलेल्या भिंतीकडे गेलं. मुरूम टाकलेली वाट. त्यावर चाकांच्या खुणा होत्या त्या माझ्याच, अरुंद. ट्रॉलीची एकही नव्हती.

"दादा, तुझी ट्रॉली..."

"ट्रॉली तर धा वर्सं मागल्या दारानंच जाती." तो चुना लावत म्हणाला. "तू कुठं अडकून पडू नये म्हनून केलं. आता बांधून घिऊ का भिंत?"

  मी म्हटलं, "राहू दे. गाडी म्हातारी आहे, मी पण आहे."

"बरं," तो म्हणाला.

उठले, गाडीत बसले. आर टाकला. मोजायला सुरुवात केली आणि एक म्हणायच्या आत गाडीने हलका धक्का घेतला. सवयीने मी आरशात पाहिलं, डिकीवर थापा मारायला तो मागे येऊन उभा असेल म्हणून. मागे कुणी नव्हतं. दादा पडवीतच बसला होता, मान खाली घालून तंबाखू मळत. मी एकटीनेच गाडी मागे घेतली.